उभ्या बाईंची स्पर्धा

आमच्या चित्रकलेच्या बाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. वर्गात टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीवर कुणीतरी विणलेलं लोकरीचं आसनही होतं. त्या आसनावर वर्षभर हजेरीपट आणि पोरांकडून काढून घेतलेले चिंचोके पडलेले असायचे. बाई मात्र उभ्या. डबासुद्धा खिडकीशी उभ्या राहून खायच्या, पोळीची सुरळी हातात आणि नजर बाहेर मैदानावर. त्यामुळे लोणखेड्याच्या आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि 'उभ्या बाई' हेच चालू झालं. त्यांना ते माहीत होतं. "बसलं की डोळा लागतो, आणि डोळा लागला की गाडी चुकते," असं त्या हसत सांगायच्या.

गाडी म्हणजे नंदुरबारची एसटी. रोज सकाळी प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून त्या येत आणि शाळा सुटताच पदर खोचून स्टँडकडे निघत. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्याजवळ बसणारी शेजारीण दिवे लागायच्या आत आपल्या घरी जायची. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की या बाईंच्या पायाला चैन नाही. फळ्यावर चित्र काढता काढता त्या दारापर्यंत जाऊन यायच्या, बोलता बोलता एखाद्याची पेन्सिल उचलून टोक करून द्यायच्या, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्याच बाकापाशी पोचलेल्या असायच्या.

त्यांना वेड होतं ते स्पर्धांचं. गणेश मंडळाची असो, वाचनालयाची असो, नाहीतर 'पाणी वाचवा' म्हणून तालुक्याला होणारी सरकारी असो, चित्रकला स्पर्धा आहे एवढं कानावर आलं की बाई प्रत्येक वर्गातून नावं गोळा करत फिरायच्या. चित्र येतं का, हे त्या विचारतच नसत. दुसरे शिक्षक गमतीनं म्हणायचे, "बाई, एक दिवस तुम्ही म्हशींनासुद्धा बसवाल स्पर्धेला." बाई हसायच्या आणि त्याच सरांच्या वर्गातली आणखी चार नावं घेऊन जायच्या.

मी सहावीत असताना त्या आमच्या घरी आल्या. आमची केळीची बाग, दोन म्हशी, आणि माझ्या कडेवर सदा धाकटा भाऊ. शाळा सोडली तर मी कुठं जावं असं घरात कुणाच्या मनातच येत नसे. बाई ओट्याशी उभ्या राहून आईशी बोलल्या. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई घराघरात गेल्या की अहिराणीत बोलत.

"रविवारी स्पर्धा शे. पोरले धाडा."

"म्हशीले पानी कोन दाखाडी?" आई म्हणाली. "आनि हाऊ पोऱ्या कोन सांभाळी?"

"दोन तासनी गोट शे, ताई."

"काय भेटी तिले?"

"नंबर उना तं बक्षीस भेटी," बाई म्हणाल्या.

आईनं थोडा वेळ विचार केला आणि होकाराची मान हलवली. नुसतं चित्र काढायला जाते म्हटलं असतं तर तिनं मला हातात झाडू दिला असता. स्पर्धा म्हटल्यावर गोष्ट वेगळी झाली. त्यात शाळा होती, नाव होतं, गावात सांगता येईल असं काहीतरी होतं.

त्या रविवारी मी जन्मात पहिल्यांदा दोन तास एका जागी बसले. कुणी हाक मारली नाही, कुणी पाणी मागितलं नाही, कडेवर ओझं नव्हतं. सुरुवातीला मला ते सहनच होईना. मी सारखी दाराकडे बघत होते. मग केव्हातरी कागद दिसायला लागला. बाई तोवर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. खिडक्यांशी आईबाप गोळा व्हायचे आणि आतल्या पोराला खुणा करायचे, सूर्य काढ, झेंडा काढ. बाई एकेकाला दंडाला धरून फाटकापर्यंत नेऊन सोडायच्या. "त्यांना आज तुम्ही नाहीत असं समजू द्या," म्हणायच्या. आत मात्र त्या स्वतःही यायच्या नाहीत. चित्र चालू असताना मागे उभं राहिलं की पोराचा हात बिचकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझा नंबर आला नाही. मी रडवेली होऊन त्यांच्यापुढे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "नंबर घरच्यांसाठी असतो गं. दोन तास तुझ्यासाठी. ते घेतलेस ना? मग झालं."

पण त्यांना स्वतःला हे इतकं सोपं वाटत नव्हतं. आमच्या वर्गातली एक मुलगी तीनदा बसली, तिन्ही वेळा तिच्या हाती काही लागलं नाही, आणि तिनं रंगपेटी भावाला देऊन टाकली. बाई त्यानंतर कितीतरी दिवस घुश्श्यात होत्या, तिच्यावर नव्हे, स्वतःवर. तास चालू असताना मध्येच थांबून त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या होत्या, "स्पर्धा पोराला कागदाजवळ आणते आणि निकाल लांब नेतो. आता मी काय करावं?" आम्ही आठवीतली पोरं. आम्ही काय सांगणार? पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या स्पर्धेची नावं घेत फिरत होत्याच.

रुमली आमच्या वर्गात आली ती आठवीतच. धडगावकडच्या डोंगरातली, पावरा आदिवासी घरची, गावात मुलींच्या वसतिगृहात राहायची. मराठी ती जपून बोलायची, प्रत्येक शब्द तोलून. आमची दोघींची जागा एका बाकावर आली आणि डबा एक झाला. ती वहीच्या समासात चित्रं काढायची. बोटाच्या पेरात मावतील एवढी माणसं, बकऱ्या, ताडाची झाडं, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात नाचणारे लोक. त्यांच्या कमरेचे घुंगरूसुद्धा दिसायचे. बाईंनी ते समास पाहिले आणि काही न बोलता तिच्यापुढे एक मोठा कागद ठेवला. रुमलीनं तो नीट घडी करून दप्तरात ठेवला. वापरून टाकायला तिचा जीव होईना.

नववीत दिवाळीची सुट्टी संपली आणि रुमलीचा बाप तिला न्यायला आला. घरची सगळी ऊसतोडीला गुजरातेत निघाली होती. आईच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि आई कोयता घेऊन फडात गेली की त्याला बघायला कुणीतरी हवं होतं. दरवर्षी वसतिगृहातल्या काही मुली अशाच जायच्या. काही होळीला परत यायच्या, काही यायच्या नाहीत. रुमली पेटी घेऊन फाटकाशी उभी होती. मी तिच्याशेजारी उभी होते. बाईंना कुणीतरी सांगितलं असावं, त्या तास सोडून धावतच आल्या.

"भाऊ, हिला कुठं नेता? रविवारी स्पर्धा आहे. मोठी स्पर्धा. हिचं नाव गेलंय."

रुमलीचा बाप उंच, शांत माणूस होता. तो बाईंना एकेरीतच बोलायचा. डोंगरातली माणसं सगळ्यांशी तशीच बोलतात आणि त्यात कमीपणा नसतो. तो म्हणाला, "बाई, गाडी उद्या जाते. मुकादम थांबत नाय."

"तुम्ही मागून जा. रविवारपर्यंत थांबा."

तो रुमलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिचा नंबर आला तर ठेवतो. बायकोला सांगता येईल, पोरीचा नंबर आला म्हणून ठेवली. नाय आला तर नेतो. चालतं तुला?"

"चालतं," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी विचारलं, "बाई, कुठली स्पर्धा?" कारण आमच्यापैकी कुणालाच अशा स्पर्धेचं नाव सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "आता करायची," एवढंच म्हणून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळल्या. खोलीचं दार उघडंच होतं.

"कुठली स्पर्धा, बाई? परिपत्रक कुठंय?" सर विचारत होते.

"येईल."

"कुणाचं?"

"माझं."

ते दिवस बाईंनी कसे काढले असतील, देव जाणे. शहाद्याच्या छापखान्यातून कातरून उरलेले मोठे कागद आणले. आसपासच्या शाळांना फोन केले. एका सोसायटीचा हॉल मागून घेतला. परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक बोलावले, कडक आणि सरळ म्हणून त्यांचा लौकिक होता. त्या आठवड्यात बाईंची नंदुरबारची गाडी रोज चुकली. सुट्टीत त्या फोनवर शेजारणीची मनधरणी करताना दिसायच्या, "आजच्या दिवस, वहिनी, फक्त आजच्या दिवस." कोरीटसारख्या नंदुरबारजवळच्या गावातूनसुद्धा पोरं आली. रविवारी हॉल भरला आणि खोटी स्पर्धा खरी झाली.

विषय बाईंनी दिला, 'वाट'. रुमलीचा बाप बाहेर निंबाखाली बसला होता. बाई व्हरांड्यात अशा चालत होत्या की चपलेचा पट्टा तुटला, तरी त्यांना कळलं नाही. मी माझं चित्र लवकर संपवलं आणि रुमलीकडे पाहिलं. एवढा मोठा कागद, आणि ती त्याच्या खालच्या एका कोपऱ्यात काम करत होती. नाकाचा शेंडा कागदाला टेकेल इतक्या जवळून ती रेघा ओढत होती. डोंगरावरून उतरणारी माणसांची रांग, डोक्यावर गाठोडी, एका बाईच्या पाठीवर मूल. प्रत्येकाचं तोंड वेगळं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा रांग कोपऱ्यातून नुकती वर सरकत होती. बाकी सगळा कागद पांढरा.

पोरं बाहेर गेली. सतरंज्या गोळा करायला आम्ही दोघी-तिघी आत होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं. परीक्षकांनी चित्रं टेबलावर मांडली होती. रुमलीच्या चित्रापाशी ते बराच वेळ थांबले.

"हात फार चांगला आहे या मुलीचा," ते म्हणाले. "पण चित्र पुरं नाही. कागद कोरा राहिलाय. याला नंबर दिला तर ज्यांनी पुरं केलं त्यांना काय सांगू?"

परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या मनात कुणी आहे का, बाई? असेल तर बोला. उत्तेजनार्थ म्हणून देता येईल."

बाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. सगळी चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली. बाहेर पोरं गलका करत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "नाही. तुम्ही ठरवाल ते."

निकाल वाचून झाला. रुमलीच्या बापाला बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं, "भाऊ, नंबर नाही आला." तो उठला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "तू खरं बोलली. बरं झालं." त्यानं रुमलीची पेटी उचलली. रुमली बाईंच्या पाया पडली आणि बापामागून चालू लागली. बाईंनी ते अपुरं चित्र गुंडाळी करून तिच्या हातात दिलं होतं. रस्त्याच्या वळणापर्यंत ते पांढरं दिसत राहिलं.

त्यानंतर बाई बिघडल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्या शिकवत होत्या, नावं घेत होत्या, पण एखाद्याशी भांडण चालू असावं तशा पुटपुटायच्या. एके दिवशी मला थांबवून त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना विचार, रविवारी माझ्याबरोबर येशील का. गुजरातेत." वडिलांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, "स्पर्धा शे." खोटं नव्हतं ते. वडिलांनी जाऊ दिलं.

आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. खापर गाव मागे पडलं की दुकानांच्या पाट्या गुजराती होतात आणि उसाचे फड सुरू होतात. गाड्या बदलत, लोकांना विचारत आम्ही दुपारी त्या पडावावर पोचलो. पडाव म्हणजे ऊसतोडणाऱ्यांच्या झोपड्या, बांबूच्या काटक्या आणि वर काळं प्लास्टिक. मोठी माणसं फडात होती. झोपड्यांत पोरं होती, आणि त्या पोरांच्या कडेवर आणखी पोरं. रुमली एका झोपडीच्या दारात तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन माश्या वारत होती. आम्हाला बघून ती उठली, हसली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाई, पाणी देऊ?"

"नको," बाई म्हणाल्या. "स्पर्धा आहे. बस."

त्यांनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली, तेलखडू काढले. बघता बघता पडावावरची पोरं जमली. बाईंनी रुमलीच्या हातातून बाळ घेतलं आणि कडेवर टाकलं. दुसरं एक मूल माझ्याकडे आलं, तिसरं एका म्हातारीकडे. मग बाई त्या झोपड्यांच्या रांगेतून चालू लागल्या, बाळाला थोपटत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाळ रडलं, ओलं झालं, त्यांच्या साडीवर ओकलं. त्यांनी एकदाही रुमलीला हाक मारली नाही. रुमलीनं सुरुवातीला तीन-चारदा मान वर करून बाळाकडे पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

मुकादम येऊन बघून गेला. जाताना त्यानं विचारलं, "नंबर कोणाचा?"

"ठरलं नाही अजून," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी नंबर काढलाच नाही. पोरांना त्यांची चित्रं देऊन टाकली. रुमलीनं या वेळी कागद काठोकाठ भरला होता. काय काढलं होतं ते तिनं मला दाखवलं नाही, बाईंना दाखवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "चल, गाडी."

परतताना एसटीत त्या खिडकीच्या दांड्याला धरून एकदम बोलल्या. "मी खोटं बोलून स्पर्धा उभी केली. मग एक खोटा नंबर द्यायला काय झालं होतं मला? पोर वाचली असती." अक्कलकुवा येईपर्यंत त्यांनी हेच दोन-तीनदा विचारलं, आणि मला कळत होतं की त्या मला विचारत नाहीत.

रुमली होळीनंतरही आली नाही. तिचं ते वर्ष गेलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचा बाप तिला घेऊन फाटकाशी हजर. तो बाईंना म्हणाला, "हिला घरी ठेवून काम होत नाय. काय सांगितलं की विचारते, दोन तासांनी करू का?" त्याच्या आवाजात तक्रार होती, पण थोडीशीच. रुमली पुन्हा नववीत बसली, माझ्या मागच्या वर्गात. पुढे दहावी झाली, आणि आज ती डोंगरातच एका अंगणवाडीची सेविका आहे. बाईंना यानं बरं वाटलं असेल असं मी धरून चालले होते.

ते तसं नव्हतं. माझं शहाद्यात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान सुरू झालं, तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. आई गेल्यावर त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथं त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मी भेटायला गेले तेव्हा त्या फार बारीक झाल्या होत्या. त्यांनी दुकान, नवरा, मुलगी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी रुमलीला नंबर द्यायला हवा होता का गं?"

इतक्या वर्षांनी. मी घाईनं म्हणाले, "बाई, दिला असता तर ती अशी झाली नसती. तुम्ही बरोबर केलंत."

"हे तुला माहीत आहे?"

मी "नाही," म्हणाले.

"मग म्हणू नको," बाई म्हणाल्या. रागानं नव्हे. "तिच्याबरोबर गेलेल्या बाकीच्या मुली परत आल्या नाहीत. त्यांना मी त्या स्पर्धेला बसवलंसुद्धा नव्हतं." थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ऊठ आता. अंधार पडायच्या आत पोच."

बाई या हिवाळ्यात गेल्या. भावाचा निरोप आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर मी रुमलीला फोन लावला आणि सांगितलं. तिच्यामागे अंगणवाडीतल्या पोरांचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "बाईंनी स्वतः काढलेलं एखादं चित्र तू पाहिलंस का?"

मी आठवू लागले. फळ्यावर त्या काढायच्या, फूल, माठ, बैलगाडी, आणि तास संपला की डस्टर फिरवायच्या. आमच्या कागदांवर कधी एखादी रेघ सरळ करून द्यायच्या. पण त्यांचं असं, सावकाश बसून काढलेलं, खाली नाव घातलेलं?

"नाही," मी म्हणाले.

"मी पण नाय," रुमली म्हणाली. "विचारू या का त्यांच्या भावाला? घरात असेल कुठं."

भावाचा नंबर माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी शटर ओढताना लावू म्हणते आणि राहून जातं. असं एकही चित्र नाही, असं त्यांनी सांगितलं तर ते ऐकायची माझी अजून तयारी नाही.